हातचे तीन

बाहेरून भिंत एक्केचाळीस फूट.
आतून, भिंतींची जाडी धरूनही, अडतीस.
पुन्हा मोजली.
फितीचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं डिम्फ्नाने धरलेलं, फरशी पुसणं थांबवून.
अडतीसच.

मॅकेना साहेब हसले:
आमच्याकडे एका सेंटचा ताळा लागला नाही
तर कुणी घरी जात नाही,
आणि शंभर वर्षं आम्ही
तीन फुटांची तूट घेऊन दिवे मालवतोय?

मोनहन परगण्यातलं हे घर
लिननच्या व्यापाऱ्याने बांधलेलं.
दारावर अर्धवर्तुळ काच, तिच्यातून उजेड
पाच पाकळ्या होऊन
कर्जाच्या अर्जांवर पडतो.
जेवणघरात कॅशियर.
छतावर प्लास्टरची द्राक्षं,
घोसात कुणीतरी धुराची घंटी चिकटवलेली.
तिजोरी स्वयंपाकघरात, चुलीच्या जागी,
कारण तेवढा भक्कम पाया दुसरीकडे नव्हता.
पोलाद अजून कोमट लागतं
असं लिहायचा मोह होतो.
हात लावून पाहिला.
गार आहे.

मी आलो होतो लिफ्टसाठी जागा शोधायला.
कर्जविभागामागच्या लाकडी तक्तपोशीवर बोटं वाजवत गेलो,
ठक ठक ठक,
मग एकदम पोकळ.

एक फळी काढली.
आत जिना.
तीन फूट रुंद, खिडकी नाही,
कोळसा, गरम पाणी, रात्रीची भांडी
पाहुण्यांच्या नजरेला न पडता
वरखाली व्हावीत म्हणून.
पायऱ्या एकाच अंगाला झिजलेल्या,
भिंतीच्या बाजूला;
दुसऱ्या अंगाला बादली असणार.
आणि चुन्यावर, वर वर जाणारा
एक काळपट, तुकतुकीत पट्टा.

डिम्फ्ना जवळ आली.
पट्ट्याशेजारी उभी राहिली.
बरोबर तिच्या कोपराएवढा.

मॅकेना साहेबांनी विचारलं,
याला कोणत्या खाती टाकायचं?
बेरीज करताना कुणीतरी
हातचे तीन धरायचे विसरलं होतं, एवढंच,
असं काहीतरी मी म्हणालो.
लिफ्टला साडेतीन लागतात, हेही सांगितलं.
ते फोन करायला गेले.

मी नकाशावर पेन्सिलीने रेघा ओढत होतो.
डिम्फ्नाने फडकं पिळलं,
गुडघ्यावर बसली,
आणि पहिली पायरी पुसून घेतली.
मग दुसरी.