वीस मिनिटं उशीर

उशीर मेंढ्यामुळे झाला.
ह्यूनाच्या धक्क्यावर पाय बांधता बांधता
तो दोनदा सुटला, एकदा तर जेसिना मोवॅटच्या पोटात
डोकं खुपसून तिला शेवाळात बसवलं त्यानं,
आणि पाणी, जे कुणासाठी थांबत नाही म्हणतात,
तेवढ्यात थांबून पुन्हा निघालंही होतं.

समोर स्ट्रोमा. हात लांबवला तर हाताला येईल असं.
तिथे आता माणूस राहत नाही.
छप्पर उडालेली घरं, आणि पलंगाच्या जागी मेंढ्या,
चुलीच्या जागी मेंढ्या.
त्यांना हा नवरदेव पोचवायचा होता
नोव्हेंबर लागायच्या आत.

"जायचं?" मी विचारलं.
तिनं पाण्याकडे पाहिलं. खेकड्यांच्या सापळ्यावरच्या
तरंगत्या डब्याला पांढरी मिशी फुटली होती.
"कोवळी आहे अजून," म्हणाली,
"तासाभरात दाढी होईल. चल."

मी सुकाणू धरलं आणि शहाण्यासारखी
नाव थेट बंदरावर रोखली.
काही न बोलता तिनं माझं मनगट धरून
नाळ उजवीकडे वळवली, पार उजवीकडे,
जिथे आम्हाला जायचंच नव्हतं
अशा दूरच्या खडकावरल्या दीपगृहाकडे.
"नाळेकडे बघू नकोस. नाळ खोटं बोलते.
तो चर्चचा मनोरा, आणि त्याच्या पुढ्यात पडकं धुराडं.
एकामागे एक आहेत ना?
तोवर तू सरळ चाललायस.
धुराडं जिकडे पळेल, तिकडे त्याच्या मागे जा."

धुराडं पळालं.
मनोऱ्याच्या आडून निघून उजवीकडे,
आधी वीतभर, मग हातभर,
आणि मी त्याच्या मागे, शीड ताणून, योल तिरकी,
खेकडा जसा बघतो एकीकडे आणि जातो दुसरीकडे.
वारा पश्चिमेचा, पाणी पश्चिमेला:
दोघे समोरासमोर आले की पाण्याला सुळे फुटतात.
खालच्या अंगाला "आनंदी पोरं" नाचायला लागली होती.
इथले लोक त्या लाटांना असंच म्हणतात,
हसत नाहीत म्हणताना.

मेंढा गप्प. त्याची पिवळी आडवी बुबुळं
माझ्यावर, जणू मीच त्याला विकत घेतलं होतं.

बंदर उजव्या हाताला आलं,
मग खांद्याच्या मागे गेलं.
मी अजून त्याच्याशी भांडत होतो.
"सोड," जेसिना म्हणाली. "ते गेलं.
त्या नाकाडाच्या मागे बघ, पाणी उलटं फिरतं."

एक तेलकट रेघ, तिच्यावर तुटलेलं शेवाळ, फेस.
रेघ ओलांडताना नाव अशी हिसकली
की मेंढा माझ्या मांडीत.
आणि मग काहीच नाही.
कड्याखाली मांजरागत निजलेलं पाणी,
दहा हातांवरून ओहोटी धावते आहे
आणि आमचा नांगर वाळूत.

पाच तास बसलो. बार्लीची भाकरी खाल्ली,
तुकडा मेंढ्याला. त्यानं भाकरी खाल्ली
आणि माझ्या बुटावर मुतला.
जेसिना सांगत होती, बेटाच्या त्या अंगाला
तळाशी जातं आहे म्हणे, मिठाचं.
दोन बाया दळतायत, जग झाल्यापासून.
"दमत नाहीत?"
"दमतात की. दिवसातून चार वेळा हात थांबवतात.
त्यातली एक आपण याच्यावर घालवली."

तिसऱ्या प्रहरी शेवाळ उभं राहिलं,
मग झुकायचं कुठे ते ठरवेना.
वल्ही मारत बंदर गाठलं.
मेंढा पायऱ्या चढून गेला, वळून पाहिलं नाही.

परतताना सुकाणू तिच्याकडे.
मी मागे तोंड करून बसलो, ओले पाय पोत्यात.
मनोरा आणि धुराडं, एकामागे एक.
बराच वेळ एकामागे एक.
मग धुराड्याची कड, नखाएवढी,
या वेळी डावीकडे.

मी सांगायला तोंड उघडलं,
तोवर नाव वळली होती.