तीनचा वर्ग, हजेरी शेड, तुर्भे

सीवूड्सच्या चौदाव्या मजल्यावर मी शिकवते तिथे
चटया जांभळ्या, एसी चोवीसवर,
आणि खिडकीतून खाडी दिसते
कुणीतरी नीट पुसून ठेवल्यासारखी.
कुणी पुसली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

इथे चटया नाहीत. बायका फ्लेक्स आणतात,
खांबांवरून त्यांनीच उतरवलेले.
भावी नगरसेवकाच्या मिशीवर
शेवंताबाई भुजंगासन करतात,
खाली येताना कपाळ टेकतं 'हार्दिक'मधल्या 'हा'वर.
सगळ्या हसतात. मीही.
माझ्या गुरूंनी वर्गात हसू दिलं नसतं.

पत्र्याचं छप्पर, तीनचं ऊन,
पलीकडे ठाणे-बेलापूर रस्ता ट्रेलर गिळत बसलेला.
मी म्हणते, श्वासाकडे बघा. आत येताना. बाहेर जाताना.
हौसाबाई पारधे म्हणतात, बाई,
आमच्या कामात श्वास धरायचा असतो.
ओल्या कचऱ्याच्या गाडीपाशी तोंडानं घ्यायचा, थोडा थोडा,
उधारीवर घेतल्यासारखा.

मी वहीत प्राणायामाचे फायदे लिहून आणले होते, नऊ.
ते पान पुन्हा उघडलं नाही.

पहिल्याच आठवड्यात म्हटलं, आता शवासन.
कुणी आडवं झालं नाही.
पंख्याचा आवाज तेवढा.
मालन सोनटक्केंनी पदर कमरेला खोचला, सोडला,
परत खोचला.
कोपरखैरण्याच्या चेंबरमधून त्यांच्या थोरल्याला वर काढून
असंच ठेवलं होतं, तळवे आभाळाकडे.
"त्याला कुणी शिकवलं नव्हतं," त्या म्हणाल्या,
"तरी बरोब्बर जमलं होतं."

तेव्हापासून आम्ही शेवटी कुशीवर वळतो,
गुडघे पोटाशी.
या आसनाला नाव नाही.

दुसरी चूक त्यानंतरची. मी म्हणाले, खांदे सैल,
जे धरून ठेवलंय ते सोडून द्या.
"काय काय सोडायचं?" एकीनं विचारलं, अगदी अदबीनं.
"किमान वेतनाचा फरक, चौदा महिन्यांचा?
हातमोजे? रविवार?
सोडून सोडूनच तर इथवर आलो, बाई."

त्या दिवशी वर्ग झाला नाही, हिशेब झाला.
मला व्याज काढता येतं;
तिथलं माझं पहिलं खरं काम तेच.
सत्तावीस जणी, चौदा महिने,
फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीवर मार्करनं आखलेले रकाने.

मंगळवारी तो फ्लेक्स बेलापूरला, महापालिकेच्या पायऱ्यांपाशी अंथरला.
आत बोलावतो, म्हणाले.
अकरा वाजले, मग जेवणाची सुट्टी, मग साहेब बैठकीत.
शिपाई म्हणाला, मधोमध बसू नका.
मालनबाईंनी मांडी घातली. पाठ ताठ,
हनुवटी किंचित आत,
महिनाभर सांगून मी थकले होते, अगदी तशी.
मागोमाग बाकीच्या सव्वीस.
घोषणा नाही. डोळे कुणी मिटले नाहीत,
मीही मिटा म्हटलं नाही.
सगळ्यांत आधी माझेच गुडघे बोलायला लागले.
शेवंताबाईंनी समोर बघत बघतच
त्यांची चप्पल माझ्या गुडघ्याखाली सरकवली.

चार वाजून दहा मिनिटांनी पोच मिळाली,
शिक्का तिरका, तारीख मागच्या महिन्यातली.
तारीख बदलून येईपर्यंत
मालनबाई उठल्या नाहीत.

फरक अजून आलेला नाही.
सीवूड्सला मी अजून जाते, घरभाडं आहे.
काल तिथे एसी बंद पडला, खिडक्या उघडल्या,
आणि 'सोडून द्या' म्हणता म्हणता माझी जीभ अडली.
खाली कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत होतं:
चाकं, थांबणं, पुन्हा चाकं.
मी म्हटलं, याकडे लक्ष द्या.
पहिल्या रांगेतून कुणीतरी डोळे मिटूनच विचारलं,
श्वासाकडे ना?