निळी चकती

"ब्लू-रेवर घ्या की वहिनी,
पाण्यागत स्वच्छ दिसतंय," निसार बारगीर म्हणाला.
पाण्याचं मिरजेत कुणाला सांगतोस, म्हटलं.

टेपवर अण्णा पुसट होते.
सीडीवर चौकोनी झाले.
डीव्हीडीवर तेच चौकोन, जरा चकचकीत.
मांडवाच्या खांबामागं, हातात अक्षतांचं ताट,
आणि तोंडाच्या जागी सात-आठ ठिकऱ्या.

"नव्या चकतीत तोंड येईल?"

निसार चष्मा पुसत बसला.
प्लेअर खपत नव्हता त्याचा दिवाळीपासून,
तरी म्हणाला,
"टेपानं बघितलंच नाही, ते चकती कुठनं आणणार?"

साध्या डीव्हीडी घेतल्या, वीस-वीसच्या. दोन.
एक पुराच्या नावानं.

रात्री लावून बघितली.
चौकोन हलले थोडे,
डावीकडं.
तिकडंच उभी होते बहुतेक मी.