त्रेचाळीस हर्ट्झ

डेटनमध्ये जानेवारीतला शनिवार म्हणजे
दारातला बर्फ उपसायचा आणि तळघरात उतरायचं.
श्रीरंगने फर्नेस बंद केली, डीह्युमिडिफायर बंद केला,
वर जाऊन फ्रिजचीही पिन काढून आला.
"तासाभराचं काम," म्हणाला,
"तू जरा श्वास हळू घे."

आधी चित्राचं झालं.
पडद्यावर काळ्यात काळ्या तीन पट्ट्या:
एक दिसायला हवी, एक जेमतेम, एक मुळीच नको.
दुकानातून आणल्यापासून आमचा पांढरा
निळाच होता म्हणे.
त्याने तो हळूहळू उतरवला,
आणि सिनेमातला बर्फ
चहा सांडल्यासारखा पिवळट दिसू लागला.
"हा खरा रंग. डोळ्यांना पंधरा दिवस दे."
मी काही बोलले नाही.
या देशाला मी याहून जास्त दिले होते.

मग आवाज.
सोफ्यावर त्याचं डोकं टेकतं तिथे
तिपाईवर मायक्रोफोन, करंगळीएवढा,
मुंजीतल्या बटूसारखा ताठ.
एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने
घशाच्या तळातून सुरू होऊन शिट्टीपर्यंत चढणारा सूर,
कुणी जिना चढत राहावं
आणि कुठल्याच मजल्यावर थांबू नये तसा.
त्याच्या जागेवर सगळं ठीक होतं.
थोडं जास्तच ठीक. तो खूश.

मग माझ्या जागेवर.
माझी जागा मधली.
डावीकडे ऋता बसायची, मांडीवर लाह्यांचं पातेलं घेऊन,
ती आता सिनसिनाटीला, वसतिगृहात.
उजवीकडे, भिंतीलगत, तो.
अकरा वर्षं याच क्रमाने.

लॅपटॉपवर रेघ उमटली:
टेकडी, उतार, पुन्हा टेकडी,
आणि त्रेचाळीसपाशी एकदम विहीर.
कठडा नसलेली.
त्याने पुन्हा मोजलं.
मायक्रोफोन बोटभर सरकवून पुन्हा.
"इथे बास पोचतच नाही," तो म्हणाला,
स्वतःशीच म्हणाल्यासारखा.
"दोन्ही भिंतींवर आपटून परत येतो
आणि बरोब्बर तुझ्यापाशी
स्वतःलाच खाऊन टाकतो."

म्हणजे ते जहाज बुडालं तेव्हा
तू दचकून माझं मनगट धरलंस,
आणि मला वाटलं, याचं आपलं काहीतरीच.
म्हणजे भूकंप झाला
तेव्हा मला फक्त भांडी पडल्याचं ऐकू आलं.
तू म्हणायचास, काळीज हललं.
मी म्हणायचे, आवाज कमी कर.
तू म्हणायचास, तुला सिनेमा कळतच नाही मुळी,
आणि हे मी अकरा वर्षं
थोडंथोडं खरं मानत आले.
एका गोधडीखाली
दोन वेगळे सिनेमे चालले होते.

सॉरी तो म्हणाला नाही. तो तसा नाहीच.
त्याने सबवूफर कोपऱ्यातून उचलला,
कण्हत, कंबर सावरत,
आणि माझ्या जागेवर आणून बसवला,
माझ्या उशीला टेकवून.
एकच जाड सूर चालू ठेवला
आणि खाली बसून रांगू लागला.
चोपन्न वर्षांचा, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस,
भिंतीभिंतीने,
गालिच्याजवळ कान नेत,
तंबोऱ्याची जवारी काढताना दोरा सरकवावा
तसा वीतवीत सरकत.
"असं का?" मी विचारलं.
"जिथे मला ऐकू येईल
तिथे हा ठेवला की तुला ऐकू येईल."

जागा सापडली ती नेमकी
वॉटर हीटरच्या दारात. तिथे ठेवता येईना.
शेवटी सबवूफर पुन्हा कोपऱ्यात
आणि सोफाच सरकवला, दीड फूट, भिंतीपासून दूर.
गालिच्यात जुन्या पायांचे चार खळगे राहिले.
ते मी पायाने घासून पाहिले, गेले नाहीत.

मग जहाज पुन्हा बुडालं.
बर्फ अजून पिवळटच होता.
पण या वेळी आधी सोफा,
मग माझ्या बरगड्यांच्या आत कुठेतरी
काहीतरी जड, आवाजही न म्हणता येणारं,
सावकाश कलंडलं.
मी त्याचा हात शोधला.

तो वर गेला होता,
फ्रिजची पिन लावायला.
आइस्क्रीमचं पाणी झालं होतं.