कळक

सकाळी सात. भद्रकालीतल्या आमच्या लॅबमध्ये
रंगनाथ वडके उपाशीपोटी येऊन बसलेत.
रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही, असं शपथेवर सांगतात.
मिशीला तंबाखूचा वास आहे. मी लिहून घेते.

कंबर एकशे चार.
श्वास सोडा काका, म्हटलं.
सोडला. एकशे आठ.

चाळीस वर्षं तांब्याचा पत्रा ठोकला यांनी;
दंडात अजून हातोडा आहे, शीर मात्र सापडत नाही.
सापडते. नळीत रक्त उतरतं,
आणि सेंट्रिफ्यूज थांबल्यावर वर तरंगतो
दुधाळ पिवळा थर.
कालच्या मिसळीची तर्री, की वर्षानुवर्षांची?

"साखर, चरबी, बीपी हे नेहमीचंच.
हे शेवटचं लांबलचक नाव कसलं?"
मॅलॉनडायअल्डिहाइड, मी वाचते, आणि अडखळते.
ऑक्सिजनने आतली चरबी कुरतडली, की मागे उरतो तो चुरा.

ते हसले. "म्हणजे कळक.
कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी राहिली की होतं ते.
सरळ सांगायचं ना."

मग बाहीचं बटण लावत, आवाज खाली आणून:
"आतून कल्हई करता येते का गं?"

रिपोर्ट गुरुवारी. चालत जा, गोदाकाठापर्यंत तरी.
भात कमी. तंबाखू...
पण ते पायऱ्या उतरलेत,
समोरच्या गाडीवर चहा सांगतायत, बिनसाखरेचा,
आणि वळून बघतात, मी ऐकलं का.

नळीवर मी नंबर चिकटवते: ४१७.
बोटांना अख्खी सकाळ तांब्याचा वास येत राहतो.
रक्ताचा असेल.