वेल

खाणीच्या काट्यावर बावीस वर्षं
मी टिप्पर तोलले. भरलेला वजा रिकामा,
पावती फाडली, पुढचा.
आता इथे मये गावात, मागच्या अंगणात
सिमेंटच्या अकरा गोणींत टोमॅटो आहेत
आणि कुठल्याच काट्याला न कळणारी एक माशी.

तशी मंडळी आधीही येऊन गेली.
नागअळीने पानापानांवर पांढऱ्या वाटा काढल्या,
कुठेच न पोचणाऱ्या.
मावा आला, त्याच्यामागून मुंग्या,
धार काढायला निघालेल्या गवळ्यांसारख्या.
त्यांना पुरलं निंबोळीचं तेल, चुलीतली राख
आणि चष्मा लावून चिरडायला माझा अंगठा.

फळमाशी निराळी.
ती येते सहीपुरती आलेल्या साहेबासारखी,
बसते, टोचते, उठते.
सुईच्या टोकाएवढा ठिपका.
वरून फळ गोरंगोमटं. आठवड्याने दाबावं
तर बोट आत.

बाटली टांगली. गूळ, काळं पडलेलं केळं,
आणि कपाटात राहून आंबलेला उर्राक.
पहिल्या रात्री सतरा मेल्या. मोजल्या,
सवय आहे.
शेजारच्या बोस्त्यांवने बाटलीला नाक लावलं, म्हणाला,
"मूस जावन जल्माक येवंक जाय आशिल्लें."

त्याची बायको एर्मेलिंदा लग्नाचे पांढरे झगे शिवते.
म्हणाली, वेलाचं कापड उरलंय, देऊ?
मी म्हटलं, टोमॅटोच्या वेलाला?
"गे बाये, नवरीच्या तोंडावरच्या!"
मग दोघींनाही हसू आवरेना.

तर आता तेवीस फळं जाळीत,
देठाशी सुतळीने बांधलेली.
दोनतीन तुकड्यांना खोटे मोतीही आहेत.
माशी येते, जाळीवरून चालते,
पाय पुसते, जाते.

एकाला मात्र उशीर झाला होता.
डंख आधीचा, जाळी नंतरची.
फळ पिवळं पडलं, खाली बसलं,
आणि एका सकाळी आतून अळ्या निघाल्या,
तांदळाच्या कणीएवढ्या.
डोकं शेपटाला लावून वाकायच्या, सुटायच्या,
टुणकन उडी, जाळीला धडक, परत आत.
मी पाटावर बसून बघत राहिले. चहा निवला.
बाहेरच्यांना अडवण्यासाठी बांधलेलं
आतल्यांनाही सोडत नव्हतं,
आणि भरलेला वजा रिकामा
या हिशेबात हे कुठे मांडायचं ते कळेना.

मग मिठाच्या पाण्यात बुडवलं, कापडासकट.
एर्मेलिंदाला हे सांगितलेलं नाही.

रविवारी तिला सहा टोमॅटो दिले, जाळीतून सोडवून.
तिने एक उजेडाकडे धरला,
फिरवला, शिवण तपासावी तसा,
आणि तिथेच पायरीवर चिरला.
आत बिया होत्या, बियांभोवतीचं पाणी होतं.
तरी आम्ही दोघी
थोडा वेळ वाकून बघत राहिलो.