शेऱ्याचा रकाना

पिपरडोहच्या ग्रामीण रुग्णालयात
केसपेपरच्या खिडकीत मी बसते.
नाव विचारते, गाव विचारते, वय विचारते.
वय कुणालाच नक्की ठाऊक नसतं.
“लिवा ना बाई साठेक,” म्हणतात
पन्नाशीही न गाठलेले.

भरतीचं रजिस्टर माझ्याकडेच.
नाव, गाव, तक्रार, खाट क्रमांक,
आणि शेवटी शेरा, जो कोराच राहतो.

दिवाळी सरली की तक्रारीचा रकाना एकसुरी होतो.
दम. दम. खोकला. दम.
कवडू निखाडे, पुन्हा.
गिरजा कुळसंगे सांगते,
“छातीत कोनं पऱ्हाटीच्या काड्या भरल्यावानी वाटून राह्यलं व बाई.”
मी लिहिते : दम.
काड्या मावत नाहीत रकान्यात.

खाटा तीस. वाफाऱ्याचं मशीन एक,
त्याला दोन तोंडं.
आया नंबर लावून बसतात
आणि मिनिटं मोजतात
दुसरीच्या लेकराची.

मला वारा वाचायला शिकवला सुखदेव वासेकरनं.
तो इथल्या चादरी धुतो.
एकदा गच्चीवर बोलावून म्हणाला,
“खालच्या अंगानं सुटला आज, कोळशाच्या सायडिंगकडून.
पाहा.”
सकाळी नीळ घालून वाळत टाकलेली चादर
दुपारी चार वाजता राखोडी.
बोट ओढलं तर रेघ उमटली.
“आता परवा खाटा मोजजा.”

मोजल्या.
तिसऱ्या दिवशी तीसही भरल्या,
चौथ्या दिवशी व्हरांड्यात गाद्या.
योगायोग असेल, म्हटलं.
पुढच्या खेपेला पुन्हा मोजल्या.
त्याच्या पुढच्याही.

तेव्हापासून शेऱ्यात लिहू लागले, पेन्सिलीनं :
वारा सायडिंगचा.
वारा राखेच्या तळ्याकडून, चादरी दोनदा धुतल्या.
वारा नदीचा, चादरी पांढऱ्या,
आज दोनच भरती, त्यातला एक विंचवाचा.

तपासणीला साहेब आले, नाकाला रुमाल.
पानं उलटता उलटता थांबले.
“हे काय?”
“वारा.”
“वारा हे निदान नाही.”
खोडरबर त्यांच्याकडे नव्हतं.
माझ्याकडे होतं.

हवा मोजायचं यंत्रसुद्धा आलं होतं एकदा.
तहसीलच्या छतावर बसवलं, तेही ऑगस्टात,
पंधरा दिवस झडीत भिजलं
आणि हवा उत्तम असल्याचं सांगून परत गेलं.

खोटं कशाला बोलू, कवडू बिडी ओढतो.
गिरजाच्या घरी गॅस आहे, पण सिलिंडर रिकामं,
चूलच पेटते, ओल्या सरपणाची.
साहेबांनी तिला नेमकं तेच विचारलं.
ती मास्क बाजूला करून म्हणाली,
“चूल तं माह्या मायचीही होती ना, साहेब.
सत्तरीतही कुऱ्हाड चालवत होती ते.”
एवढ्या वाक्याला तिला तीनदा थांबावं लागलं.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.

आता माझी वेगळी वही आहे,
मुलीची जुनी, अर्धी गणितांची.
भागाकार संपतात तिथून माझा वारा सुरू होतो.

आज संध्याकाळी सुखदेव चादरी काढायला गेला
आणि न काढताच खाली आला.
काही बोलला नाही, हात दाखवले.
मी स्टोअरची किल्ली घेतली,
सहा गाद्या बाहेर काढायला सांगितल्या,
सिस्टरला म्हटलं, मशीनच्या नळ्या उकळून ठेवा.

ज्यांच्यासाठी गाद्या काढल्या
ते अजून आपापल्या घरी आहेत, धडधाकट.
कुणी तुरी सोलत असेल,
कुणी पोराला दटावत असेल.
कवडू तर आत्ताच सायकलवरून गेला, समोरून,
घंटी वाजवून, हात करून.

खाट अकरा, खिडकीजवळची.
मला त्याचं नाव आजच लिहिता येईल.
पेन्सिल खाली ठेवते.